पत्र्याचा पगार

व्हिएन्नाला भाचीकडे राहायला गेले होते. तिच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की एक मोठं तळं लागतं. काठाला वेत, पाण्यात बदकं, सायकलवरची पोरं, बाकावर बसून ऊन खाणाऱ्या आज्या. पलीकडे टेकडीवर काचेच्या उंच इमारती. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, ''किती सुंदर तळं आहे गं तुमचं!'' तर ती म्हणाली, ''मावशी, हे तळं नाहीये. खाण आहे ही. इथली माती काढून काढून खड्डा झाला आणि त्यात पाणी भरलं. अख्खं व्हिएन्ना या खड्ड्यातून वर आलंय.''

मला ते वाक्य चांगलंच लागलं. कारण आदल्या दिवशीच आम्ही रिंगस्ट्रासवर फिरून आलो होतो. ऑपेरा, संसद, विद्यापीठ, नगरसभा... मान वर करून करून दुखायला लागलेली. ते सगळं मला दगडी वाटलं होतं. भाची हसली. ''दगड वरून, मावशी. नाहीतर गिलावा. आत वीटच.''

मग काय, पुढचे आठ दिवस मी त्या विटेच्या मागेच लागले. राजवाडे बघायचे राहिले, त्याची खंत नाही.

या टेकडीचं नाव वीनरबर्ग. लाखो वर्षं जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेली निळसर-करडी चिकणमाती इथे आहे. विटेसाठी इतकी चांगली माती शहराच्या वेशीवर मिळणं हे भाग्यच. सम्राज्ञी मारिया थेरेसानं १७७५ साली इथे सरकारी वीटभट्टी सुरू करून दिली. पण सरकारी काम जसं चालायचं तसंच ते चाललं. खरी सुरुवात १८१९ ची. त्या वर्षी आलोइस मीसबाख नावाच्या उद्योजकानं टेकडीवरची भट्टी चालवायला घेतली आणि शेजारच्या इन्झर्सडॉर्फ गावापर्यंत पसारा वाढवत नेला. मातीचे खड्डे, वाळवणीच्या लांबच लांब शेड, भट्ट्या, कोळशाच्या खाणीसुद्धा स्वतःच्याच. म्हणजे जळणासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हा युरोपातला सगळ्यात मोठा वीट कारखाना होता आणि तिथे हजारो माणसं राबत होती.

मीसबाख १८५७ साली वारला आणि कारभार भाच्याकडे आला. हा हाइनरिश ड्राशे. याचं नशीब बघा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बादशहा फ्रान्झ जोसेफनं हुकूम काढला, की शहराचा जुना तट पाडा आणि त्या जागी रुंद रस्ता काढून दोन्ही बाजूंना भव्य इमारती बांधा. तीच ही रिंगस्ट्रास. विटांचा कारखाना हातात आला आणि लगेच अख्ख्या राजधानीची मागणी!

त्यात आणखी एक जोड मिळाली. १८५८ साली फ्रीड्रिश हॉफमन या जर्मन माणसानं नव्या भट्टीचं पेटंट घेतलं. जुन्या भट्टीत विटा रचायच्या, भाजायच्या, विझवायच्या, काढायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळी आच दरवेळी वाया. हॉफमननं भट्टी गोल केली, तिचे कप्पे पाडले आणि आग एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरती ठेवली. पुढच्या कप्प्यातल्या कच्च्या विटा मागच्या धगीवर आयत्या तापतात, मागच्या निवताना आत येणारी हवा गरम करून देतात. आपल्या आज्या चुलीच्या वैलावर भाताचं आधण ठेवायच्या, त्यातलंच हे शहाणपण. फक्त ही चूल कधी विझायचीच नाही. आपल्या उत्तर हिंदुस्थानात उंच धुराड्याच्या लांबट भट्ट्या दिसतात ना, त्या याच भट्टीच्या वंशातल्या. बुल नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८७६ साली हॉफमनची भट्टी जमिनीतल्या चरात उतरवली आणि ती इकडे रुजली.

पेन्झिंग भागात विटांचं एक छोटं संग्रहालय आहे. संग्रहालय विटांचं! भाचीचा नवरा यायलाच तयार नव्हता. आत फळ्यांवर ओळीनं विटा मांडलेल्या. जुनी ऑस्ट्रियन वीट आपल्यापेक्षा बरीच मोठी, एकोणतीस सेंटीमीटर लांब आणि चौदा रुंद. चार किलोच्या वर वजन सहज असेल. बहुतेकींवर मधोमध अक्षरं उठवलेली. ए. एम. म्हणजे आलोइस मीसबाख. एच. डी. म्हणजे हाइनरिश ड्राशे. काहींवर बादशाही दुतोंडी गरुड. मी एक-एक वीट बघत होते आणि मनात येत होतं, की साचा मालकाच्या नावाचा असतो हे ठीक, पण माती त्यात दाबणारे हात कुणाचे होते?

ते हात बोहेमिया आणि मोरावियातून आले होते. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या गरीब खेड्यांतून. तिकडे शेतीत भागेना, म्हणून वसंत ऋतू लागला की बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं व्हिएन्नाला निघायची. शहरातली माणसं त्यांना तुच्छतेनं 'त्सीगलबोहम' म्हणायची. त्सीगल म्हणजे वीट आणि बोहम म्हणजे बोहेमियाचा. आपल्याकडेही मजुराला त्याच्या नावानं नाही, मुलखाच्या नावानं हाक मारायची सवय आहेच की.

बिऱ्हाड म्हटलं ते मुद्दाम. वीट थापणं हे एकट्या पुरुषाचं काम नव्हतंच. मजुरी विटांच्या संख्येवर. मग जितके हात तितक्या विटा. पुरुष थापायला बसला, की बायको मळलेल्या मातीच्या गाड्या ओढून त्याच्यापर्यंत आणणार, पोरं ओल्या विटा उचलून वाळवणीला मांडणार, त्या उलटवणार, पाऊस आला की धावत जाऊन झाकणार. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. हे वाचताना मला काही परकं वाटलं नाही. कल्याणच्या पुढे लोकलच्या खिडकीतून मी वर्षानुवर्षं हेच बघत आले आहे.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. मीसबाख आणि ड्राशे या मामा-भाच्यांनी कामगारांसाठी घरं बांधली, दवाखाना काढला, पोरांना सांभाळायची सोय केली. त्या काळाच्या मानानं ते थोडं नव्हतं. पण १८६९ साली ड्राशेनं कारखाना भागधारकांच्या कंपनीला देऊन टाकला. मालकाची जागा लाभांशानं घेतली. शहर वाढत होतं, मजूर येत होते, राहायच्या जागा मात्र तेवढ्याच.

आणि आता त्या पगाराची गोष्ट.

कामगारांना रोजच्या रोज मिळायचे ते पैसे नव्हते. मिळायचे पत्र्याचे बिल्ले. त्यांना नुसतं 'पत्रा'च म्हणत. हा पत्रा चालायचा फक्त कारखान्याच्या आवारातल्या खानावळीत आणि दुकानात. तिथला पाव बाहेरच्यापेक्षा महाग, लहान आणि वाईट. पण बाहेर जाऊन घ्यायचा तर पत्रा तिथे कोण घेणार? कुणी बाहेरून काही आणलेलं सापडलं, तर कामावरून काढत. म्हणजे विटांचा पैसा कंपनीकडून निघायचा आणि संध्याकाळपर्यंत कंपनीच्या आवारातच परत जिरायचा. गंमत म्हणजे (गंमत कसली!) अशा वस्तूरूप मजुरीला १८८५ च्या कायद्यानं बंदी होती.

मी विचार करत होते, त्या बाईनं घर चालवलं कसं असेल? आपल्या बायकांचं सगळं अर्थशास्त्र उरवण्यावर असतं. आठ आणे इकडे बाजूला, रुपया तिकडे डब्यात. आजारपणाला, गावी आईला धाडायला, लेकीच्या फ्रॉकला. पत्रा उरवून काय करणार? तो गावाला पाठवता येत नाही, डॉक्टर घेत नाही, टेकडीखाली उतरलं की तो नुसता पत्रा. तिच्या हातातून जास्तीचं सोडाच, स्वतःचं ठरवायची ताकदच काढून घेतली होती.

हे सगळं टेकडीवर चालू होतं आणि खाली रिंगस्ट्रासवर ऑपेराचे पडदे उघडत होते. ऑपेराच्या अगदी समोर ड्राशेनं आधीच स्वतःचा एक प्रचंड वाडा उठवला होता, हाइनरिशहोफ. शहरातल्या सर्वांत देखण्या इमारतींमध्ये त्याची गणना व्हायची. त्याला उमरावकीही मिळाली. हा वाडा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेला, त्यामुळे मला तो बघता आला नाही.

टेकडीवर काय चाललंय ते शहराला कळलं १८८८ च्या डिसेंबरात. व्हिक्टर आडलर नावाचा एक डॉक्टर होता. खात्यापित्या घरातला, गरिबांवर उपचार करता करता समाजवादी झालेला. वडिलोपार्जित पैसा त्यानं 'ग्लाइशहाइट' नावाच्या साप्ताहिकात घातला होता. ग्लाइशहाइट म्हणजे समता. वीट कामगारांची हकिगत कानावर आली, तेव्हा तो मजुराचा वेश करून, ओळख लपवून आवारात शिरला. जे बघितलं ते १ डिसेंबरच्या अंकात छापलं.

त्यानं उपदेश केला नाही. मोजलं. एका खोलीत तीन, चार, कधी दहा कुटुंबं. एकट्या मजुरांच्या शेडमध्ये चाळीस, पन्नास, सत्तर माणसं, फळ्यांवर टाकलेल्या जुनाट पेंढ्यात एकमेकांना चिकटून. ज्यांना तेवढीही जागा नाही ते थंडीत भट्टीच्या माथ्यावर झोपत. पाठ भाजून निघायची आणि अंगावरून बोचरा वारा. अशाच एका शेडमध्ये, जिथे पन्नासेक पुरुष झोपत, तिथल्या एका कोपऱ्यात एक जोडपं राहत होतं. त्या बाईनं दोन आठवड्यांपूर्वी तिथेच मूल जन्माला घातलं होतं. त्याच खोलीत, त्या सगळ्या उघड्यावागड्या पुरुषांच्या देखत.

मी इथे थांबले. भाचीनं मला जर्मनमधून वाचून दाखवत दाखवत मराठीत सांगायला घेतलं होतं, तीही थांबली. तिचं बाळ शेजारी पाळण्यात झोपलं होतं. बाळंतपणासाठीच तर मी गेले होते. ऑस्ट्रियात बाळंतिणीला आधीचे आठ आणि नंतरचे आठ आठवडे कामावर येऊच देत नाहीत, भरपगारी. भाची म्हणाली, ''मला तर ऑफिसनं संगणक उघडायलासुद्धा मनाई केली होती.'' आणि १८८५ च्या त्याच कायद्यात, ज्यात पत्र्याला बंदी होती, त्यात बाळंतिणीला चार आठवडे कामाला लावू नये असंही होतं. कायदा होता. टेकडीवर पोहोचला नव्हता इतकंच.

आडलरच्या लेखानं शहर हादरलं. सरकारी तपासनीस जागे झाले आणि पत्र्याच्या पगाराची पद्धत मोडावी लागली. त्याच महिन्याच्या अखेरीस हाइनफेल्ड गावात ऑस्ट्रियातल्या समाजवाद्यांची परिषद भरली आणि त्यांचा पक्ष उभा राहिला. पुढच्या वर्षी 'ग्लाइशहाइट' सरकारनं बंद पाडलं. आडलरला तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर आणि आधीही, तो लिहीतच राहिला. फावोरिटन भागात त्याच्या नावाचा चौक आहे, तिथे भाजीबाजार भरतो. मी तिथूनच रोज जर्दाळू आणायचे.

वीट कामगारांनी १८९५ च्या एप्रिलमध्ये स्वतःच संप केला. भाषा वेगळी, शिक्षण नाही, शिल्लक नाही. अशा माणसांचा संप म्हणजे दुसऱ्याच दिवशीपासून उपास. तरी हजारो उतरले. त्यातून अकरा तासांचा दिवस मिळाला. अकरा तास! आज ऐकून कसंसंच वाटतं, पण आधी काय होतं ते बघितलं की त्या अकराची किंमत कळते.

तरीही मला एका गोष्टीचं वाईट वाटत होतं. आडलर डॉक्टर, ड्राशे मालक, हॉफमन संशोधक. नावं सगळी पुरुषांचीच. त्या कोपऱ्यातल्या बाईचं नाव कुणीच लिहिलेलं नाही. भाचीनं विचारलं, ''मावशी, आडेलहाइड पॉप माहितीये?'' मला नव्हती.

ज्या इन्झर्सडॉर्फमध्ये या भट्ट्या पेटत होत्या, त्याच गावात १८६९ साली, म्हणजे कारखाना कंपनीचा झाला त्याच वर्षी, ही मुलगी जन्मली. विणकर कुटुंबातलं पंधरावं अपत्य. बापाला दारूचं व्यसन, तोही ती सहा वर्षांची असताना गेला. शाळा तीन वर्षं. मग शिलाई, कारखाने, लहानपणीच मोडलेली तब्येत. वाचनाचं वेड मात्र दांडगं. विशीत एका सभेत ती बायकांच्या कामाबद्दल बोलायला उठली आणि लोक बघतच राहिले. लिही म्हणून आग्रह झाला, पण शुद्ध लिहिता कुठे येत होतं? मग आडलरची बायको एमा, जी स्वतः लेखिका होती, तिनं या कामगार मुलीला लेखन-व्याकरणाचे धडे दिले. डॉक्टरांच्या भाषणांबद्दल पुस्तकं आहेत. मला विचाराल तर एमाबाईंच्या त्या शिकवणीवरही एखादं असायला हवं.

आडेलहाइड पुढे 'आर्बाइटरिनेन त्साइटुंग' म्हणजे कामकरी बायकांच्या वृत्तपत्राची संपादक झाली. १८९३ मध्ये व्हिएन्नातल्या कापड कारखान्यांतल्या सातेकशे बायकांनी संप केला, त्याच्या पुढे ती होती. १९०९ साली तिनं आपल्या लहानपणाची कहाणी लिहिली, आधी नाव न घालता. १२ नोव्हेंबर १९१८ ला ऑस्ट्रियाचं प्रजासत्ताक जाहीर झालं आणि बायकांना मतदानाचा हक्क मिळाला. व्हिक्टर आडलर आदल्याच दिवशी वारला होता. पुढच्या वर्षी ज्या पहिल्या मोजक्या बायका संसदेत निवडून गेल्या, त्यात आडेलहाइड पॉप होती. ३ एप्रिल १९१९ ला ती बोलायला उभी राहिली. त्या सभागृहात बोलणारी पहिली बाई. विषय काय होता माहितीये? उमरावांच्या पदव्या रद्द करण्याचा. इन्झर्सडॉर्फच्या विणकराची लेक रिंगस्ट्रासवरच्या, विटेनंच बांधलेल्या त्या घरात उभी राहून म्हणत होती, की 'फॉन' आणि 'रिटर' आता पुरे.

कंपनी अजून आहे. वीनरबर्गर हे नाव जगातल्या सगळ्यात मोठ्या वीट उत्पादकांत घेतलं जातं. २००९ साली तिनं कर्नाटकात कुणिगलला पोकळ विटांचा कारखाना सुरू केला. सगळं यंत्रावर. माती कुणी पायानं मळत नाही.

आपल्याकडे मात्र मळतात. परत आल्यावर महिनाभरानं मी मुद्दाम एका भट्टीवर गेले. नाव-गाव सांगत नाही, कारण अशा कितीतरी आहेत. दिवाळी झाली की आदिवासी पाड्यांवरून जोडपी येतात, ती मृगाच्या आधी परततात. पावसाळ्यात घरी चूल पेटवायला घेतलेली उचल आधीच अंगावर असते. हातात आठवड्याला खर्ची पडते, बाजाराच्या दिवशी. उरलेला हिशेब सीझन संपल्यावर. वेठबिगारीविरुद्धचा आपला कायदा १९७६ चा आहे.

एक बाई उकिडवी बसून थापत होती. साचा उचलायची, राख मारायची, गोळा आपटायची, वरचा हात फिरवून फेकायची, उलटा करायची. लय इतकी पक्की की मला बोलायला जागाच सापडेना. पोर शेजारी साडीच्या झोळीत. मी विचारलं, ''दिवसाच्या किती होतात गं?''

''दोघांच्या मिळून हजार. कधी वर.''

''आणि हिशेब?''

''तो यांच्याशी करतात.'' तिनं मानेनंच नवऱ्याकडे दाखवलं. तो चिखल मळत होता.

मुकादमाला विनंती केली तेव्हा त्यानं वही दाखवली. त्याला काही लपवायचं नव्हतं, त्याच्या लेखी सगळं व्यवस्थितच होतं. तारखा, विटा, खर्ची, उचल. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकच नाव, पुरुषाचं. मी परत तिच्याकडे आले आणि तिचं नाव विचारलं. तिनं जरा आश्चर्यानं वर बघितलं, हाताची माती पदराला पुसली, नाव सांगितलं, आणि साचा पुढे ओढला.